समुद्रतळाखालची मुठा

माझ्या नावावर एक विनोद जमा आहे. तो मी कर्वे रस्त्यावरच्या एका ऑफिसात, परदेशी पाहुण्यांसमोर केला, आणि तो असा काही जमला की त्या ऑफिसातली माणसं आजही कुठल्या लग्नाकार्यात भेटली तर तब्येत विचारायच्या आधी तोच विनोद मला ऐकवतात. लोक विसरतील म्हणून मी बरीच वर्षं वाट पाहिली. पण पुण्यात माणसं उपकार विसरतात, उसनी नेलेली छत्री विसरतात, पाणउतारा मात्र विसरत नाहीत, विशेषतः दुसऱ्याचा झालेला. तेव्हा आता मीच सगळं लिहून टाकतो. विनोदाच्या आधी काय घडलं ते, आणि विनोद चालू असताना काय घडलं तेही. हा दुसरा भाग मला स्वतःला अलीकडेच कळला.

सरकारी नोकरीत मी उभा जन्म समुद्राखालचे खडक वाचण्यात घालवला. वाचणं म्हणजे असं. एक जहाज पाण्यात हवेचे दणके सोडत जातं. तो आवाज समुद्राचा तळ भेदून खाली जातो, प्रत्येक थरावर आपटून परत येतो, आणि परत आलेल्या आवाजाच्या नोंदी होतात. आमच्या वेळी त्या नोंदी लांबलचक कागदांवर छापून यायच्या. आम्ही त्या टेबलावर पसरायचो आणि रंगीत पेन्सिली घेऊन एकेका थराची रेघ ओढत बसायचो. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, पोक्त माणसं चित्रकलेच्या परीक्षेला बसली आहेत.

मग देशाची दारं उघडली. परदेशी तेलकंपन्यांना शोध लागला की हेच काम पुण्यात चहापाण्याच्या खर्चात होतं. मी स्वेच्छानिवृत्ती घेऊन नारायण पेठेतल्या घरी परतलो होतो आणि बायकोच्या स्वयंपाकात सुधारणा सुचवत होतो. तिनंच मला त्या नव्या कंपनीत अर्ज करायला लावला. कंपनी एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर होती. तळमजल्यावर दातांचा डॉक्टर. जिन्यात माणसं गाल धरून बसलेली असत आणि वर आम्ही डोकं धरून.

डोकं धरायचं कारण, पेन्सिली गेल्या होत्या आणि पडदे आले होते. मला उंदीर धरायला, म्हणजे माउस वापरायला, शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं शिकवलं. यवतमाळकडची, नागपूरला भूशास्त्र शिकलेली, इथे कोथरूडला नोकरदार मुलींच्या वसतिगृहात राहायची. मला काका म्हणायची. ऑफिसात काका म्हणू नये, सर म्हणावं, असं मी तिला सांगून पाहिलं.

"सर म्हटलं की तुम्ही शिकवायला लागाल," ती म्हणाली. "काका बरे आहात."

चहाच्या वेळी ती स्वतःवरच हसत गोष्टी सांगायची. त्यातली एक अशी की, पुण्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती स्वारगेटला कोथरूडची समजून कात्रजच्या बसमध्ये चढली आणि बोगद्याच्या अलीकडे डोंगर दिसल्यावर तिला शंका आली. आम्ही सगळे हसलो. मी ती गोष्ट लक्षात ठेवली. माझी एक वाईट सवय आहे, लोकांनी विश्वासानं सांगितलेलं मी वाया जाऊ देत नाही.

आमच्याकडे त्या वर्षी जे काम आलं ते खोल समुद्रातल्या जुन्या प्रवाहांचं होतं. जमिनीवर जशा नद्या वाहतात तसे समुद्राच्या तळावरही प्रवाह वाहतात. उतारावरून गाळ घसरला की वाळू मिसळलेलं जड पाणी तळावरून धावतं, स्वतःसाठी पात्र खोदतं, आणि सपाटीला लागलं की अगदी नदीसारखं नागमोडी होतं. लाखो वर्षांत ते पात्र भरतं, बुजतं, वर गाळाचे थर चढतात. आता ते कुणालाच दिसत नाही. पण परत आलेल्या आवाजाच्या नोंदी संगणकात रचून त्या जुन्या थराच्या पातळीवर आडवा काप घेतला, की विमानाच्या खिडकीतून नदी दिसावी तसं ते पात्र पडद्यावर उमटतं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी चष्मा काढून पुसला आणि परत पाहिलं. तीस वर्षं मी ज्याच्या उभ्या चिरा रंगवत होतो, त्याचं वरून दिसणारं रूप मला माहीतच नव्हतं.

तेल शोधणाऱ्यांना त्या पात्रात रस असतो तो वाळूसाठी. वळणाच्या आतल्या काठाला वाळू साठते, आणि वाळूच्या कणांमधल्या जागेत तेल असू शकतं. म्हणजे वळण कुठे आहे ते कळलं, की विहीर कुठे खणायची ते ठरतं.

आमच्या पात्रात एकच अडचण होती. मधोमध, वरच्या थरांत कुठेतरी वायू साठला होता, आणि त्यातून आवाज नीट जात नव्हता. त्याच्या खालचं सगळं चित्र न्हाणीघरातल्या आरशावर वाफ धरावी तसं धूसर. पात्र एका बाजूनं त्या धुक्यात शिरत होतं आणि दुसऱ्या बाजूला एक पात्र बाहेर पडत होतं. मध्ये ते कुठे गेलं, कसं वळलं, ते दिसत नव्हतं.

साहेबांनी, म्हणजे माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेल्या आमच्या मालकांनी, मला आणि तिला वेगवेगळे नकाशे करायला सांगितले. नॉर्वेहून कंपनीचा माणूस येणार होता. तो दोन्ही नकाशे पाहणार आणि आमच्यापैकी एकाला पुढच्या कामासाठी तिकडच्या ऑफिसात वर्षभर नेणार, असं ठरलं होतं. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की तिनं पासपोर्ट काढून ठेवला होता, आणि लोकरीचे मोजे किती जोड लागतील असं ती मला विचारायची, जणू मी तिथेच लहानाचा मोठा झालो होतो. तिकडच्या लोकांकडे नव्या पद्धती होत्या, तिला त्या शिकायच्या होत्या. मला जायचं नव्हतं. मला थंडी सोसत नाही. पण तिच्या हातून हरायचंही नव्हतं. या दोन गोष्टींत फरक आहे हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

तिनं नकाशावर धुक्याची जागा कोरी सोडली आणि मध्ये एक प्रश्नचिन्ह काढलं. मी तिथे पात्र काढलं. दोन्ही टोकं डौलदार वळणानं जोडून टाकली. हात कुठे अडला नाही की अडखळला नाही. इतकी सहज रेघ मी सरकारी नोकरीतही कधी ओढली नव्हती. वळणाच्या आतल्या काठावर मी विहिरीची फुली मारली आणि आयुष्यभराचा अनुभव म्हणतात तो हाच, असं मनाशी म्हणालो.

पाहुणे यायचे त्या दिवशी सकाळी ती माझ्या टेबलापाशी आली.

"काका, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"ते प्रश्न ऐकून ठरवतो."

"ही मुठा आहे."

"कोण?"

"तुमचं पात्र. ही मुठा नदी आहे."

तिनं पिशवीतून घडी घातलेला शहराचा नकाशा काढला. कात्रजच्या प्रकरणानंतर तिनं तो स्वारगेटलाच विकत घेतला होता, वसतिगृहाच्या खोलीत भिंतीवर लावला होता, आणि त्यावर बसचे मार्ग पेन्सिलीनं काढले होते. त्यातला नदीचा तुकडा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून आणला होता. तो तिनं खिडकीच्या काचेवर धरला, वर माझा नकाशा ठेवला आणि हळूच थोडा फिरवला. उजेडात दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या.

"हा लकडी पूल," तिनं बोट ठेवलं. "इथून वळून ओंकारेश्वराचं देऊळ. इथे नवा पूल, आणि इथून वर संगमाकडे. आणि तेलाची विहीर तुम्ही शनिवार पेठेत खणून राहिले."

मी पाहत राहिलो. लहानपणापासून रोज तो पूल ओलांडत आलो होतो. नदीकडे मी कधी मुद्दाम पाहिलं नाही, तिचा नकाशा तर जन्मात पाहिला नाही. पुणेकराला पुण्याचा नकाशा लागतो कशाला? पण हाताला ते वळण पाठ होतं. धुकं मिळताच त्यानं तेच गिरवलं होतं.

"सगळ्या नद्या अशाच वळतात," मी म्हणालो.

"मग आमच्याकडची पैनगंगा का नाही काढली?"

"पैनगंगा मी पाहिलेली नाही."

"तेच तर म्हणून राहिले मी, काका."

मी कागद गुंडाळले.

"पाहुण्यांना सांगाल ना?" तिनं विचारलं. "नुसतं इथे खात्री नाही एवढं सांगा. मुठेचं नका सांगू."

"बघू," मी म्हणालो.

पुण्यात 'बघू' याचा अर्थ काय होतो, ते तिच्या नकाशात नव्हतं.

दुपारी पाहुणे आले. उंच, तांबूस, स्वभावानं भला माणूस. सकाळी निघालेल्या त्याला रिक्षावाल्यानं पुणे दर्शन घडवून दुपारी ऑफिसात आणलं होतं, तो किस्सा तो आल्या आल्या सांगत होता. जेवणात साहेबांनी श्रीखंड ठेवलं होतं, ते त्यानं दोनदा घेतलं. मग सगळे बैठकीच्या खोलीत जमलो आणि दोन्ही नकाशे भिंतीवर लागले.

माझ्या नकाशापुढे तो बराच वेळ उभा राहिला. वळण सुंदर आहे, म्हणाला. मी नम्रपणे मान झुकवली. ओंकारेश्वराच्या वतीनं झुकवली असं म्हणायला हरकत नाही. मग तो तिच्या नकाशाकडे वळला आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवून त्यानं विचारलं, "इथे काय आहे?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "इथून आवाज परत आलेला नाही. मग मी काय काढू?"

आज मला वाटतं, त्या खोलीत त्या दिवशी बोललं गेलेलं शास्त्रशुद्ध वाक्य हे एवढंच. पण साहेबांचा चेहरा उतरला. गिऱ्हाइकासमोर माहीत नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा धंद्याचा पहिला नियम होता. पाहुणे माझ्याकडे पाहू लागले. मी आता काहीतरी बोलणं भाग होतं. मी बोललो इंग्रजीत, पण विनोद अस्सल पेठेतला होता.

"त्यांचं खरं आहे," मी म्हणालो. "त्यांना अजून स्वारगेटहून घरी कसं जायचं तेही माहीत नाही."

आणि कात्रजची गोष्ट सांगितली. थोडी वाढवून सांगितली.

खोली कोसळली. सकाळच्या रिक्षामुळे पाहुण्यांना तर तो विनोद स्वतःसाठीच केल्यासारखा वाटला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. साहेब टेबलावर हात आपटत होते, सुटल्याचा आनंद त्यात जास्त होता. ती भिंतीपाशी उभी होती. तिचे ओठ हलल्यासारखे मला दिसले, मग तिनं आपला नकाशा काढला, घडी घातली आणि ती खुर्चीवर बसली.

मला धास्ती होती. कारण तिच्या पिशवीत ती झेरॉक्स होती. तिनं ती काढली असती, तर सहा माणसांदेखत माझा तीस वर्षांचा अनुभव शनिवार पेठेत बुडाला असता. तिनं काढली नाही. मी मनात म्हणालो, पोर मोठ्या मनाची आहे, काकांची लाज राखली.

घरी आल्यावर बायकोला विनोद सांगितला. तीही हसली. मग भाजी ढवळता ढवळता म्हणाली, "मग ती काय म्हणाली?"

"काही नाही."

"काहीच नाही? यवतमाळची पोरगी, आणि काहीच म्हणाली नाही?"

"सगळ्या बायका तुझ्यासारख्या नसतात," मी म्हणालो. त्या रात्री भाजीत मीठ नव्हतं.

नॉर्वेला मी गेलो. जायचं नव्हतं तरी गेलो. वर्षभर दोन थर्मल एकावर एक घालून बसलो, मेतकूट-भात खाल्ला, आणि नव्या पद्धतींपैकी फक्त कॉफीचं यंत्र चालवायला शिकलो. ती त्या वर्षातच ऑफिस सोडून गेली. तेव्हा हिंजवडीकडे बसगाड्या भरभरून माणसं जात होती, भूगोलवाली, रसायनवाली, शेतकीवाली, सगळी सॉफ्टवेअरची झाली. तिला बँकांच्या प्रणाली तपासायचं काम मिळालं. निघताना ऑफिसात पेढे वाटले आणि माझ्यासाठी निरोप ठेवला होता, "काकांना सांगा, तिकडे धुकं नाही. चूक असली की पडदा लाल होतो."

कंपनीनं माझ्या फुलीवर विहीर खणली. चिखल लागला. मला कुणी बोल लावला नाही. या धंद्यात कोरड्या विहिरी लागतातच. पुढे काही वर्षांनी त्यांनी समुद्राच्या तळावरच आवाज ऐकणारी यंत्रं मांडून ती जागा पुन्हा तपासली. नव्या पद्धतीत धुकं विरलं. साहेबांकडे ते चित्र आलं तेव्हा मी मुद्दाम पाहायला गेलो. धुक्यात शिरणारं पात्र आणि बाहेर पडणारं पात्र मुळात एक नव्हतंच. पहिलं मध्येच संपलं होतं. दुसरं पात्र कितीतरी नंतरचं, त्यानं पहिल्याला कापून टाकलं होतं. मी मोठ्या डौलानं जी दोन टोकं जोडली होती, त्यांची आपसात कधी गाठच पडलेली नव्हती. तिनं सोडलेली कोरी जागा तेवढी बरोबर होती.

"आता कशाला उकरता?" साहेब म्हणाले. "ते काम केव्हाच संपलं." आणि जाता जाता त्यांनी तोच विनोद मला परत ऐकवला.

तेव्हापासून माझ्या मनात एक ओझं होतं. खरं सांगायचं तर त्या ओझ्यात थोडं सुखही होतं. कुणीतरी आपल्यासाठी एवढा मोठेपणा दाखवला, या विचारानं माणूस हळवा होतो, आणि हळवं होणं निस्तरण्यापेक्षा सोपं असतं. पण बायको गेल्यावर संध्याकाळी घरात बोलायला कुणी उरलं नाही, आणि "मग ती काय म्हणाली?" हा प्रश्न मात्र घरातच राहिला. शेवटी मी तिचा पत्ता मिळवला. विश्रांतवाडीला राहते, एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. फोन करून गेलो.

दार उघडलं. केस पांढरे झाले होते, डोळे तेच.

"या काका," ती म्हणाली. "सापडलं घर?"

वीस-पंचवीस वर्षांत ती पक्की पुणेकर झाली होती. मी मुकाट्यानं चपला काढल्या.

चहा झाला. मी पाठ करून नेलेलं सगळं बोललो. पात्र, मुठा, चिखल, नवं चित्र. "आणि एवढं असून तू गप्प बसलीस," मी म्हणालो. "एका वाक्यात माझी अब्रू घालवली असतीस. घालवली नाहीस. ते मी विसरलेलो नाही."

तिनं कप खाली ठेवला.

"गप्प कुठे बसले? मी म्हटलं की."

"काय म्हटलंस?"

"ही नदी पुण्याची आहे, म्हटलं. इंग्रजीत. दोनदा. झेरॉक्सही काढली होती पिशवीतून."

"मग?"

"मग काय? तुम्ही सगळे हसून राहिले होते. साहेब टेबल बडवून राहिले होते, तो पाहुणा डोळे पुसून राहिला होता." रागावली की तिची यवतमाळची बोली परत येते, हे मला तेव्हा कळलं. "आणि सगळ्यात मोठ्यानं तुम्ही."

माझं सुखाचं ओझं तिथेच, तिच्या सोफ्यावर, माझ्या हातातून सुटलं. मोठेपणा वगैरे काही नव्हता. ती बोलली होती, आणि तिच्यापासून दोन हातांवर उभा राहून मी स्वतःच्याच विनोदाला हसत होतो.

"तिसऱ्यांदा का नाही म्हणालीस?" मी विचारलं. प्रश्न निर्लज्ज होता, पण आला तोंडात.

"तुमच्या तोंडाकडे पाहिलं मी. तुमच्याकडे दुसरा विनोद तयार होता."

"होता," मी कबूल केलं.

"कोणता?"

मी सांगितला. तिनं जरा विचार केला.

"पहिला बरा होता," ती म्हणाली.

तो दुसरा विनोद मी इथे लिहीत नाही. माझ्यात तेवढी सुधारणा झाली आहे.

"आता मी काय करू?" मी विचारलं.

"लिहा. ज्यांना तुमचा विनोद पाठ आहे, त्यांना त्याच्या पुढचं वाक्यही पाठ होऊ द्या. आणि नाव घालू नका माझं. माझ्या हाताखाली पुण्याची पोरं आहेत, जगू नाही देणार."

तेव्हा ज्या कुणाला तो विनोद ठाऊक आहे, त्यांना माझी विनंती की इथून पुढे तो पुरा सांगावा. 'त्यांना स्वारगेटहून घरी कसं जायचं तेही माहीत नाही,' असं एक म्हातारा म्हणाला. त्यावर ती म्हणाली, 'ही नदी पुण्याची आहे.' आणि तिचं बरोबर होतं.

निघताना तिनं विचारलं, "काका, बस कुठून घ्यायची माहीत आहे ना? रस्ता ओलांडून पलीकडच्या थांब्यावर जा."

"मला पुणं शिकवू नकोस," मी म्हणालो आणि जिना उतरलो.

समोरच बस उभी होती. रस्ता ओलांडायला गुडघे नको म्हणत होते. मी चढलो, खिडकीची जागा मिळाली, मनाशी म्हणालो, बघ. नदी काही दिसेना. थोड्या वेळानं बस थांबली आणि सगळे उतरायला लागले.

"आजोबा, धानोरी आलं," कंडक्टर म्हणाला. "शेवटचा थांबा. तुम्हाला कुठं जायचंय?"

"लकडी पूल."

दारातले दोघे-तिघे मोठ्यानं हसले. कंडक्टर त्या हसण्यातच पुढे काहीतरी बोलत होता. मी हसत नव्हतो, म्हणून मला ते नीट ऐकू आलं. तो म्हणत होता, "रस्ता ओलांडून पलीकडच्या थांब्यावर उभे राहा."